खंडेनवमीला घासलेली रायफल

मंडळी, आज स्वतःचाच लई राग आलाय.

आमच्या घरी एक जर्मन शिकारी रायफल आहे. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर फुलंब्री सोडताना आजोबांचे मित्र कादरचाचा ती आजोबांकडं सांभाळायला देऊन गेले. चाचा परत आलेच नाहीत. लायसन आजोबांचं वडलांकडं, मग माझ्याकडं आलं.

मागच्या आठवड्यात चाचांच्या नातीनं मला शोधून काढलं. चाचांच्या वहीत रायफल बनवणाऱ्याचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. ही रायफल तीच का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

म्हणून आज शहरात औरंगपुऱ्यात बंदुका दुरुस्त करणाऱ्या उस्तादांकडं गेलो. त्यांनी नळी सुटी केली, खालची बाजू भिंगातून पाहिली.

"नळीवर कोरलेलं नाव तर दुकानदाराचं बी असतं. असली पहचान, बनवणाऱ्याचा ठसा, इथं खाली ठोकलेली असते. इथं सगळं सपाट है. किसने घिसा?"

मीच. दर खंडेनवमीला पूजेआधी नळी सुटी करून पॉलिश पेपर घेऊन बसायचो. खालचे बारीक ठसेसुद्धा गंज समजून घासून काढले. वडील कौतुकानं म्हणायचे, "आरशावानी केली बघा."

दुकानातूनच चाचांच्या नातीला फोन लावला आणि खरं ते सांगितलं.

ती म्हणाली, "जाने दो भाईजान. तुमच्याकडं तिची पूजा व्हायची, हे मी दादाजानच्या वहीत लिहिते."

यंदाच्या खंडेनवमीला ही रायफल पाटावर कुणाची म्हणून मांडू, तुम्हीच सांगा.