तीन कोरे रोल आणि भावाचं दुसरं लग्न

माझ्या भावाची दोन लग्नं झाली. दोन्ही त्याच मुलीशी, आणि दुसरं माझ्यामुळे.

पहिलं रीतसर झालं. वैशाखात, कोंढ्याला, माझ्या वडिलांच्या, म्हणजे बाबूजींच्या दारात (आमच्याकडे लग्न मुलाच्या घरी लागायचं), भटजी, बँड, पंगत सगळं धरून. दुसरं बारा दिवसांनी त्याच दारात झालं, पण ते सांगायचं तर आधी माझ्या नवऱ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. (थोडं सांगून मी थांबेन याची खात्री नाही.)

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही तुमसरला राहायचो आणि हे फोटोग्राफर होते. दुकान नाही, पाटी नाही. सायकल आणि गळ्यातला कॅमेरा, बस्स! सकाळी बौद्ध वस्तीत पांढऱ्या साडीतल्या नवरीचं लग्न, दुपारी राईस मिलचे मालक पोत्यांच्या थप्पीसमोर छाती काढून उभे, संध्याकाळी विम्याच्या कागदांसाठी कुणाचा तरी बैल. (बैलाचा कान दिसलाच पाहिजे, त्यात बिल्ला असतो. मिलमालकांचा नाही दिसला तरी चालतं!) शिवाय कॉलेजच्या फॉर्मवरचे घाबरलेले चेहरे, निरोप समारंभातले रडवेले गुरुजी आणि सोयरिकीसाठी पाठवायच्या मुली. मुलींच्या निगेटिव्हवर हे बारीक पेन्सिलीनं असं काही काम करायचे की देवीचे व्रण गायब, पण चेहरा तिचाच राहायचा. मी तासन्‌तास बघत बसायची.

उजेड मोजायचं यंत्र ह्यांच्याकडे नव्हतं. तळहात उन्हात धरायचे, त्यावरची सावली बघायचे आणि कॅमेऱ्याची कळ फिरवायचे. एका रोलवर बारा फोटो. बाराच्या बारा निघायचे. आणि 'हसा' असं कुणाला कधी म्हणाले नाहीत. दिघोरीची एक म्हातारी कॅमेरा बघून दगड झाली होती. ह्यांनी हळूच विचारलं, "आजी, सून कशी आहे?" म्हातारीच्या चेहऱ्यावर असा काही जीव आला की काय सांगू! तो फोटो आजही त्या घरात असेल. सुनेनं काढून टाकला नसेल तर.

आमच्या बाबूजींना मात्र हा कामधंदाच वाटत नव्हता. "नोकरी नाही, धानाची बांधीभर जमीन नाही, गळ्यात डबा बांधून गावोगाव फिरते," असं ते माझ्या लग्नाआधी म्हणाले होते आणि लग्नानंतरही, फक्त जरा हळू आवाजात. दोन वर्षं ते ह्यांच्याशी 'या' आणि 'बसा' याच्या पुढे गेले नव्हते. पण भावाचं लग्न ठरलं आणि बाबूजी स्वतःहून म्हणाले, "जवाई, फोटू तुम्हीच काढा." एवढंच नाही, साऱ्या कोंढ्यात सांगत सुटले, आमचा जावई फोटो काढणार आहे! त्या रात्री हे जेवले नाहीत नीट. हे फोटो चांगले आले की बाबूजी ह्यांना माणसात धरणार होते. नाही आले, तर जन्मभर 'या' आणि 'बसा'.

लग्न झालं. ह्यांनी तीन रोल काढले, छत्तीस फोटो. तुमसरला परतलो तर दिघोरीहून एका लग्नाचं बोलावणं आलेलं. निघताना म्हणाले, "रोल मी आल्यावर धुतो. हात नोको लावजो."

"मी कायले लावू?" मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी बाबूजींचं पत्र आलं. गुरुवारी येतो, फोटू पाहाले. गुरुवार म्हणजे उद्या! हे परतणार तेही उद्याच. मी विचार केला, दोन वर्षं मी सामानाच्या खोलीत ह्यांच्या शेजारी उभी राहून थाळ्या पुढे करते आहे. खिडकीला वाकळ लावायची, दाराच्या फटीत पोतं कोंबायचं, मग अंधारात फिल्म दोन्ही हातांनी धरून आधी डेव्हलपरमधून खालीवर, मग पाण्यातून, मग हायपोतून. यात काय आहे? पोळ्या लाटण्यापेक्षा सोपं! हे येतील तोवर फिल्मा दोरीवर वाळत असतील आणि म्हणतील, वा!

ही दोन्ही औषधं आमच्याकडे लोणच्याच्या एकसारख्या दोन बरण्यांत असायची. डेव्हलपरच्या तोंडाला लाल फडकं, हायपोच्या तोंडाला पांढरं. आणि मी बाई स्वच्छतेची! लग्नाला जायच्या आधी मी दोन्ही फडकी सोडून धुतली होती, वाळवली होती आणि हाताला येईल ते फडकं समोर येईल त्या बरणीला बांधून टाकलं होतं.

डेव्हलपर चित्र उमटवतं. हायपो ते पक्कं करतं आणि बाकीचं सगळं धुऊन काढतं. आता चित्र उमटायच्या आधीच हायपोच्या हाती फिल्म दिली तर ते बिचारं काय पक्कं करणार? ते सगळंच धुऊन काढतं. वाकळ पुन्हा पुन्हा काढायचा कंटाळा म्हणून मी तिन्ही रोल ओळीनं उरकले, मगच खिडकी उघडली आणि पहिली फिल्म उजेडात धरली.

काचेसारखी स्वच्छ! पलीकडचं तुळशीचं झाड दिसत होतं, शेजारणीचं लुगडं दिसत होतं, फक्त माझ्या भावाचं लग्न दिसत नव्हतं. दुसरी धरली, तिसरी धरली. नवरा नाही, नवरी नाही, भटजी नाहीत, बँड नाही. दीडशे माणसं मी एका दुपारी धुऊन टाकली होती!

दुसऱ्या दिवशी हे आले तेव्हा मी उंबऱ्यातच बसून रडत होते. नुसत्या फिल्मा पुढे केल्या. ह्यांनी एकेक उजेडात धरून नीट पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "एकही डाग नाही वो! इतकं साफ काम माझ्या हातून कधी झालं नाही."

मी आणखी जोरात रडले. "अजी, आता बाबूजीले काय सांगाचं?"

"ते माह्यावर सोड. तू फक्त चहा ठेव."

चहा उकळतोय तोच बाबूजी दारात. नवं धोतर, डोळ्यांवर चष्मा (तो ते फक्त सातबारा वाचताना लावत). खाटेवर बसले आणि म्हणाले, "दाखवा जवाई."

"मामाजी, रोल खराब झाले," हे सरळ उभे राहून म्हणाले. "माह्या हातानं झाले."

बाबूजींनी चष्मा काढला. "सारे?"

"सारे."

"एकही नाही?"

"एकही नाही."

मी स्वयंपाकघराच्या दारात कपबशी धरून उभी. आता बोलते, आता बोलते असं म्हणत होते आणि जीभ टाळूला चिकटली होती. बाबूजींनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा ह्यांच्याकडे. आता स्फोट होणार म्हणून मी डोळे मिटले.

"मंग?" बाबूजी एवढंच म्हणाले.

"मले एक सकाळ द्या मामाजी. साऱ्यायले पुन्हा जमवा. त्याच कपड्यात."

"म्हनजे लगन पुन्हा लावाचं?"

"लावाचं नाही. दाखवाचं."

बाबूजी चहा न पिता उठले आणि जाताना म्हणाले, "येत्या बुधवारी या. सकाळी."

बुधवारी कोंढ्याला जाऊन बघतो तर मांडवाची जांभळीची पानं बकऱ्यांनी कधीच फस्त केलेली, भावाचं बाशिंग रीतीप्रमाणे तलावात शिरवलेलं आणि भटजी हटून बसलेले. "एका पोरीचं कन्यादान दोनदा होत नसते! मले पाप लागन!"

"महाराज, मंत्र नोका म्हनू. फक्त ओठ हलवा," हे म्हणाले. भटजींनी हे मान्य केलं आणि मग इतकं मन लावून ओठ हलवले की खऱ्या लग्नातही तेवढे हलवले नव्हते.

बाशिंग ह्यांनी पुठ्ठा आणि चमकीचा कागद घेऊन पाच मिनिटांत बनवलं. चार डहाळ्या माणसांच्या हातात देऊन नवरानवरीच्या डोक्यावर धरायला लावल्या. "कॅमेऱ्याले जेवढा दिसते, तेवढाच मांडव लागते!" समोर दोन पांढरी धोतरं ताणून धरली आणि त्यांच्यावरून परतलेला उजेड वहिनीच्या चेहऱ्यावर आणला. सारं गाव तोंड उघडं टाकून बघत होतं. मीही.

आणि गाव म्हणजे किती! पहिल्या लग्नाला दीडशे होते, या लग्नाला तीनशे. बँडवाले न बोलावता हजर. आमचे मामा पहिल्या लग्नात टॉवेलाच्या आहेरावरून रुसून जेवण टाकून गेले होते, ते आता पहिल्या रांगेत, तोच टॉवेल खांद्यावर घेऊन! पंगतीच्या फोटोसाठी पानं मांडली तर लोक उठेचनात. शेवटी आईला खरोखरच वरण-भात रांधावा लागला.

अडलं ते बिदाईला, म्हणजे नवरीचे आईवडील तिला सोडून निघतात त्या फोटोला. नवरी रडेना! बारा दिवस संसार छान रमलेला, समोर तीनशे लोक, वहिनी पदराआड खुसुखुसू हसतेय. तिच्या आईनं चिमटा काढून पाहिला, तर आणखीच हसली. हे कॅमेऱ्यात डोकं घालून शांतपणे म्हणाले, "वहिनी, तुमच्या माहेरची म्हैस आता कोन दोहते?"

वहिनीचं हसू थांबलं. मग ती आईच्या गळ्यात पडून अशी रडली की तिची आई रडली, माझी आई रडली, रुसके मामाही टॉवेलात रडले. खटकन आवाज झाला. तो फोटो मी आजही काढून बघते.

सगळं झाल्यावर ह्यांनी बाबूजींना हाक मारली. "मामाजी, आता तुम्ही बसा. त्या दिवशी तुम्ही कधी चुलीपाशी, कधी पंगतीत धावत होते. एकाही फोटूत नव्हते."

खरंच नव्हते. पोराच्या लग्नात बापच नव्हता आणि हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. बाबूजी आईशेजारी बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, जसे काही तहसीलदारापुढे. ह्यांनी हात उन्हात धरला, सावली पाहिली आणि काहीच न विचारता कळ दाबली. माझ्या आईबापाचा एकत्र असा तो एकच फोटो आहे. त्यातला उजेड मी इतर कुठल्या फोटोत पाहिला नाही. नवऱ्याचं कौतुक करायचं नसतं म्हणतात, पण त्या क्षणी मला ह्यांचा इतका अभिमान वाटला की मी लोकांदेखत रडले.

फोटो आले, छत्तीसच्या छत्तीस. बाबूजींनी ते घरोघर नेऊन दाखवले आणि प्रत्येक घरी "आमच्या जवायानं" हे आधी, फोटो नंतर. मला माझी चूक लपवणं सोसवेना. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा गाठलंच त्यांना.

"बाबूजी, ते रोल ह्यांनी नाही, मी खराब केले."

"मले मालूम होतं," बाबूजी सुपारी कातरत म्हणाले.

"ह्यांनी सांगितलं?"

"त्यानं नाही. तो तं तुह्यासाठी माह्यासमोर छाती ठोकून उभा राहिला. तवाच म्हनलं, पोरगी सोन्यासारख्या मानसाच्या घरी पडली. म्हनूनच तं बुधवार देल्ला."

"मंग तुम्हाले कसं समजलं?"

बाबूजींनी अडकित्ता खाली ठेवला. "अवो, नवरा एवढ्या मोठ्या चुकीची कबुली देऊन राहिला, आन्‌ तू दारात गप उभी! जल्मात कधी गप राहिली होती तू?"

तेव्हापासून माझ्या हातून घरात काही बिघडलं, की मी सगळ्यात आधी मोठ्यानं भांडायला सुरुवात करते.