बाबांची सदाफुली

अर्धांगवायूने बाबांचा उजवा हात गेला, तेव्हा डॉक्टरांनी डाव्या हातात पेन्सिल द्यायला सांगितली. मी ऑफिसातून घाटकोपरला घरी येईपर्यंत पार गळून गेलेली असायचे, तरी चहा झाला की त्यांच्याजवळ बसायचे. गॅलरीतल्या डब्यातली सदाफुली समोर ठेवायची आणि सांगायचं, “आधी मधे बारीक गोल काढा, मग भोवती पाच पाकळ्या.” गोलच वाकडा यायचा. बाबा चिडून पेन्सिल फेकायचे, मी वाकून उचलायचे.

एका संध्याकाळी पाचही पाकळ्या कागदावर उतरल्या. एक भलतीच मोठी होती. आई म्हणाली, “अहो, फूल दिसतंय की!”

बाबा म्हणाले, “दमलो गं. देठ तू काढ.”

“उद्या काढू,” मी म्हटलं. मग आम्ही दोघं भिंतीला टेकून नुसतेच बसून राहिलो.