कानाला कळलं होतं

खडकी स्टेशनकडून बाजाराकडे येताना रेल्वेच्या भिंतीलगत हिंदुराव काट्यांचं गॅरेज आहे. पाटीवरची अक्षरं केव्हाच उडाली, पण क्वार्टर्समधल्या कुणालाही विचारलं तरी तो बरोबर बोट दाखवतो. हिंदुराव मूळचे दापोडीचे. घरची जमीन भावाभावांत वाटली गेली आणि मग इमारतींखाली गेली. त्यांना मात्र लहानपणापासून शेतापेक्षा विहिरीवरच्या इंजिनाचं वेड. इंजिन बंद पडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, हे त्यांना तिथेच उमगलं. पुढे मोटरसायकली दुरुस्त करायला लागले तेव्हाही आधी कान आणि मग पाना. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत काय झिजलंय ते सांगायचे. बहुतेक वेळा तेच निघायचं.

त्यांच्या हाताखाली उत्तरेश्वर बरीच वर्षं होता. धाराशिवकडचा, आयटीआय करून पुण्यात आलेला, कमी बोलणारा. हिंदुरावांना तो मामा म्हणायचा आणि दुपारी सरुबाईंच्या हातचं जेवायचा. लग्न झालं, आणि एका पाडव्याला तो बायकोला, पायलला, घेऊन पेढे द्यायला आला. बोपोडीत गाळा घेतला होता, स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. हिंदुरावांनी पेढा खाल्ला, पाठीवर हात ठेवला, चांगलं कर म्हणाले. पण आधी विचारलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मनात राहिलं. ते कुणाला बोलून दाखवलं नाही. सरुबाईंना न बोलताच कळलं होतं.

आमोद हे हिंदुरावांचं सदाशिव पेठेतलं गिऱ्हाईक. आयटीत नोकरी, आणि वडिलांची जुनी जड मोटरसायकल जिवापाड सांभाळणारा. रविवारी गाड्या घेऊन घाटात जाणाऱ्यांचा मोठा ग्रुप होता त्याचा, आणि त्या ग्रुपवर त्याच्या शब्दाला वजन होतं. हिंदुराव गुडघ्याच्या दुखण्याने घरी होते तेव्हा त्याने गाडी उत्तरेश्वरकडून सर्व्हिस करून घेतली होती. थंडी सुरू झाली तसा तो खडकीला आला. सकाळी गाडी सुरू केली की इंजिनातून टकटक आवाज येतो, ऑफिसला पोचेपर्यंत बंद होतो, असं त्याने सांगितलं. आणि सहज पुढे म्हणाला, "तुमच्या त्या उत्तरेश्वरने उघडली होती शेवटची. त्यानेच काही करून ठेवलंय का बघा."

हिंदुरावांच्या हातात दुसरं काम होतं. ते उरकेपर्यंत गाडी निवली. किक मारल्यावर आवाज स्वच्छ आला: टक, टक, टक, घड्याळासारखा. त्यांनी स्क्रूड्रायव्हर इंजिनाच्या वरच्या हेडवर टेकवला, कान लावला, डोळे मिटले. आमोदने मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला.

मुठीतून आतला आवाज आला तो सरळ, एकसारखा, निरोगी. टकटक आत नव्हतीच. ती बाहेर होती, खाली, सायलेन्सरचा पाइप जिथे इंजिनाला जोडतात तिथल्या फटीत; धातू तापून फुगला की ती फट बुजते. हिंदुरावांना ते त्याच क्षणी कळलं. थंड इंजिनात वाजतं आणि तापल्यावर बंद होतं, हे आमोदने सांगितलं होतं तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं. खाली वाकून पाइपाशी हात धरायचा, एवढंच बाकी होतं. पण समोर मोबाईल होता, आणि मनात उत्तरेश्वरचं नाव. कानाने एक सांगितलं आणि तोंड दुसरंच बोलून गेलं.

"टॅपेट चुकीचं लावलंय. ज्यानं उघडलं त्याला काम येत नाय."

मग त्यांनी हेडमधल्या टॅपेटच्या स्क्रूला जरासा हात लावला, गाडी रेंजहिल्सकडून लांब फिरवून आणली. परत आली तेव्हा इंजिन चांगलं तापलं होतं आणि आवाज गेला होता. आमोद खूश होऊन गेला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ ग्रुपभर आणि तिथून आणखी कुठेकुठे गेला. त्याने वर लिहिलं होतं की बोपोडीला गाडी टाकायची असेल तर सोबत टो करायला दोरी न्यावी. लोक हसले. हिंदुरावांकडे चिंचवड, कोथरूडहून गिऱ्हाइकं यायला लागली. असा कान आता बघायला मिळत नाही, असं जो तो म्हणायचा. हिंदुराव मान डोलवायचे आणि कामाला लागायचे. सरुबाईंनी शेजारणीच्या मोबाईलवर तो व्हिडिओ पाहिला. त्या रात्री वाढताना त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, नाव घेतलं नाहीत ते बरं केलंत. पण सगळ्यांना कळलंच की."

ऐन थंडीत आमोद पुन्हा आला. टकटक परत सुरू झाली होती. गाडी गॅरेजात ठेवून तो रिक्षाने ऑफिसला गेला. तो गेल्यावर हिंदुरावांनी थंड इंजिन सुरू केलं आणि या वेळी ते खाली वाकले. पाइपाच्या जोडापाशी बोटं धरली. प्रत्येक टकटकीला बोटांवर गरम हवेची फुंकर बसत होती. जोडाभोवती काजळीचा काळा ओघळ उतरला होता. त्यांनी नटाला पाना लावला. तो नुसताच फिरला, आवळला जाईना. नट ज्या खिळीवर बसतो त्या स्टडचे आटे गेले होते.

आणि मग त्यांना आठवलं. सायलेन्सरची रिंग बदलायला आमोदची गाडी गेल्या वर्षी त्यांच्याकडेच आली होती. नट जोरात आवळताना आटे घासल्याचं त्यांच्या हाताला जाणवलं होतं. स्टड बदलायला हवा होता. पण गाडी घ्यायला माणूस दारात उभा होता, म्हणून चालतंय असं म्हणत सोडून दिलं होतं. उत्तरेश्वरच्या सर्व्हिसमध्ये तो भाग उघडायचं कामच नव्हतं.

त्यांनी स्टड बदलला, नवी रिंग टाकली. संध्याकाळी आमोद आला. काय निघालं, असं त्याने विचारलं. खरं सांगायची वेळ ती होती.

"जोड सैल होता, नीट केलाय," हिंदुराव म्हणाले.

आमोद म्हणाला, काय एकेक माणसं गॅरेज टाकतात. हिंदुराव गप्प राहिले.

ती गप्प राहण्याची गोष्टच त्यांना पुढे खात राहिली. चूक कुणाचीही होते, पण व्हिडिओच्या वेळी झाली ती चूक नव्हती, आणि दुसऱ्या वेळी तर नव्हतीच नव्हती. कुणी कानाची तारीफ केली की त्यांना कानशिलं गरम झाल्यासारखं व्हायचं. स्क्रूड्रायव्हर टेकवायचा त्यांनी सोडूनच दिला. सरळ उघडून बघायला लागले. गिऱ्हाइकांना वाटलं, वय झालं.

होळीच्या सुमारास पायल सरुबाईंना बाजारात भेटली. गाळा सोडल्याचं तिने सांगितलं. स्वारगेटजवळ एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या वर्कशॉपमध्ये उत्तरेश्वर बसची कामं करतो म्हणाली. व्हिडिओबद्दल अवाक्षर काढलं नाही, उलट मामांचे गुडघे कसे आहेत ते विचारलं. सरुबाईंनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. तेव्हा हिंदुरावांनी त्यांना सगळं सांगितलं, आटे गेल्यापासून. सरुबाई म्हणाल्या, मला सांगून काय उपयोग, ज्याला सांगायचं तो स्वारगेटला आहे.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव बसने स्वारगेटला गेले. उत्तरेश्वर एका बसखालून बाहेर आला, हात पुसले, पाया पडायला वाकला. हिंदुरावांनी त्याचे खांदे धरले. टपरीवर चहा सांगितला. चहा यायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं की टॅपेट ठीक होतं हे व्हिडिओत बोलतानाच त्यांना ठाऊक होतं, आणि सैल जोड त्यांच्याच हातचा होता.

उत्तरेश्वरने मान हलवली. "माहीत हाय मामा. सर्व्हिसला आली तवाच काजळी बघितली मी. नट फिरवून बघितला. तुमचा हात मला कळतो."

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमचं नाव गेलं असतं. मी म्हणलं, पुढच्या बारीला मामांकडंच दाखवा. तुम्ही बघाल आन नीट कराल, असं वाटलं."

हिंदुरावांनी चहाचा पेला बाजूला ठेवला. माझ्याकडे परत ये, गॅरेज तूच चालव, मी बाजूला बसतो, असं ते म्हणाले. उत्तरेश्वरने शांतपणे नाही म्हटलं. इथं आठवड्याची सुट्टी मिळते, पगार वेळेवर होतो, आणि गाडी कुणाच्या हातची हे कुणी विचारत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर हिंदुरावांना बरं वाटलं असतं.

तिथून ते चालतच सदाशिव पेठेत आमोदच्या घरी गेले. दारातच उभं राहून सगळं सांगितलं. आमोद अवघडला. काका, गाडी चालतेय ना आता, मग कशाला एवढं, म्हणाला. हिंदुराव हटले नाहीत. जिथे पहिलं लिहिलं होतं तिथेच हेही लिहा, आणि उत्तरेश्वरचं नाव घालून लिहा, असं त्यांनी सांगितलं. आमोदने त्यांच्यासमोर लिहिलं. दोरीबद्दल माफीही मागितली. त्या चेष्टेवर शंभर जण हसले होते. या मजकुराखाली दोघातिघांनी अंगठ्याचं चित्र टाकलं, आणि कुणीतरी रविवारी किती वाजता निघायचं ते विचारलं.

गिऱ्हाइकं काही तुटली नाहीत. उलट प्रामाणिक माणूस म्हणून दोनचार वाढली, आणि ते हिंदुरावांना सर्वांत जास्त लागलं. नवीन माणूस आला की ते आपणहून सांगतात, माझ्या कानावर जाऊ नका, उघडून बघू. लोकांना तो त्यांचा विनय वाटतो.

उत्तरेश्वर अधूनमधून सुट्टीच्या दिवशी येतो. सरुबाई त्याच्यासाठी भाकरी आणि ठेचा करतात. जेवताना तो गावाकडचं सांगतो, पावसाचं, पायलच्या भावाच्या लग्नाचं. गाड्यांचा विषय तो काढत नाही, आणि हिंदुरावांचीही हिंमत होत नाही. निघताना ते त्याला रस्त्यापर्यंत सोडायला जातात, बस येईपर्यंत शेजारी उभे राहतात. काहीतरी बोलावं असं त्यांना दर वेळी वाटतं.

"जावा मामा घरी, ऊन लागंल," उत्तरेश्वर म्हणतो आणि बसमध्ये चढतो.