काकांची शेजारीण

एक हात पुढे, तळवा आपल्याकडे, आणि मागे मागे चालत जाणं. सोपाऱ्यातले ते स्टुडिओवाले काका आठवले की मला आधी हेच दिसतं. "थांब, चेहरा सैल होऊ दे," म्हणायचे आणि एकेक पाऊल मागे सरकायचे. जिथे समोरच्याचा चेहरा सैल पडेल तिथे थांबायचे, आणि मग कुठली लेन्स ते ठरवायचे.

तुम्ही बघितलाय असा फोटोग्राफर? स्टुडिओ तर एवढासा. एकदा बँकेतल्या एका साहेबांचा साधा पासपोर्टचा फोटो होता, तर काका मागे जाता जाता पायरी उतरून थेट रस्त्यावर. रिक्षावाले हॉर्न मारतायत, साहेब आत स्टुलावर हसू दाबतायत, आणि काकांनी तेवढ्यात क्लिक केलं पण.

त्यांच्या लेन्सना नंबर नव्हते, नाती होती. अठ्ठावीस एमएमची म्हणजे पोर. "नाकाला येऊन चिकटतं, मग नाकच मोठं दिसनार." पन्नास म्हणजे भाऊ, जे आहे ते तोंडावर सांगणारा. पंच्याऐंशी मावशी, जवळ घेते पण गालाचे चिमटे काढत नाही. आणि एकशेपस्तीस?

"ती शेजारीन," काका म्हणायचे. खाडीकडच्या शेतकरी घरातले ते, त्यांच्या तोंडी ण चा कायम न. "लांबून सगळं बघते, आपल्याला पत्ता नाय."

मला हे इतकं आवडायचं की सुट्टीच्या दिवशी मी विरारहून तिथे जाऊन बसायचे. नोकरी नवीन, कॅमेरा सेकंडहँड, आणि लेन्स एकच परवडणार होती. फोटो पण मला एकाच माणसाचा हवा होता, बाबांचा. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या तोंडावरून वारं गेलं आणि ओठ डावीकडे ओढला गेला तो तसाच राहिला. तेव्हापासून कॅमेरा दिसला की ते उठून जायचे. चुलतभावाच्या लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये बाबांची फक्त पाठ आहे.

पोर्ट्रेटला पंच्याऐंशीच, असं सगळेच सांगतात. मी मुंबईच्या दुकानात गेले आणि उत्साहात विचारलं, मावशी आहे का. काउंटरवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "घरी आहे. काय काम होतं?"

मावशी आली. पण मी कॅमेरा वर केला की बाबांचा हात तोंडावर. एक अख्खा रोल नुसता हातांचा निघाला. शेवटी म्हणाले, "बाळा, माझा तो जुना फोटो आहे ना, तोच लाव." मला रडूच आलं.

काकांनी सगळे प्रिंट नीट बघितले. मला वाटलं, फोकस चुकला म्हणतील.

"मावशी चांगलीच आहे गं," ते म्हणाले. "पन बाबांना सध्या कोनी जवळ यायला नको आहे. त्यांना चहाला आन."

रविवारी बाबांना स्टुडिओच्या पायरीवर बसवून काकांनी चहा मागवला. मी समोरच्या गिरणीच्या ओट्यावर, काकांची शेजारीण लावून. काका बाबांना त्या बँकेतल्या साहेबांची गोष्ट सांगत होते. सांगता सांगता उठले, हात पुढे केला, मागे मागे रस्त्यावर आले, एक रिक्षा खरंच करकचून थांबली, आणि बाबा हसले. ओठ डावीकडे गेला तर गेला. हात वर आला नाही. मी बटण दाबलं.

प्रिंट मी बाबांपुढे ठेवला. त्यांनी तो हातात घेतला, मग विचारलं कोणी काढला. मी म्हटलं, शेजारणीने.

"मी हसतो तेव्हा असा दिसतो होय," एवढंच बोलले, आणि स्वतः उठून तो फोटो आमच्या घरच्या शोकेसमध्ये लावला.

काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. गेले तेव्हा त्यांच्या सूनबाई फोटो शोधत होत्या. सगळ्या सोपाऱ्याचे चेहरे त्या घरात होते, काकांचा एकही नव्हता. मी पण शोधला, आणि मग घरी आमच्या शोकेससमोर येऊन थांबले. हसणाऱ्या बाबांच्या बाजूला, फोटोच्या अगदी कडेला, धूसर असं काहीतरी आहे. एक खांदा, आणि बाबांकडे पुढे केलेला हात. काका मागे मागे येतायत, माझ्या दिशेने.