आभाळातून पडलेला काळा कातळ

मंगळवारी दगडाची स्थापना होणार होती. चौथऱ्यासाठी सिमेंट आणून ठेवलं होतं, शेंदूर यायचा होता. त्याआधी मला त्या दगडाचा वीस ग्रॅमचा तुकडा हवा होता.

मी भूवैज्ञानिक आहे. रत्नागिरीतल्या आमच्या ऑफिसचं नेहमीचं काम म्हणजे विहिरी आणि बोअरवेलच्या जागा पाहणं. आभाळातून पडलेल्या वस्तूंसाठी आमच्याकडे वेगळं टेबल नाही. पण हातखंब्याच्या पुढे, हायवेपासून आत असलेल्या एका गावात भरदुपारी मोठा आवाज झाला. वसंतकाकांच्या आंबे भरायच्या शेडचा पत्रा फाटला आणि आतल्या पेंढ्यात सोललेल्या नारळाएवढा एक काळा दगड सापडला. पुण्यातल्या साहेबांनी मला जाऊन बघायला सांगितलं.

गावात दोन मतं होती. देव आला, हे एक. दुसरं वसंतकाकांचे शेजारी नाना पेडणेकर यांचं. पत्र्याला भोक गेल्या पावसापासूनच आहे आणि दगड वसंताने स्वतः आणून ठेवला, असं ते चहाच्या टपरीवर सांगत होते. वसंतकाका निवृत्त प्राथमिक शिक्षक. खोटं बोलू नये हे त्यांनी ज्यांना शिकवलं, ती माणसं आता शेडचा पत्रा बघून जात होती आणि जाताना हसत होती.

"देव असो नसो," काका म्हणाले, "तो वरून पडला एवढं लिहून द्या, मॅडम. बाजारात तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही."

मी खिशातला लोहचुंबक काढला. आभाळातून पडणाऱ्या दगडी उल्कांपैकी बहुतेकींमध्ये लोखंडाचे बारीक कण असतात, त्यामुळे चुंबक चिकटतो. हे गावाने आधीच मोबाइलवर बघून ठेवलं होतं. पन्नासेक माणसं श्वास रोखून उभी होती. मी चुंबक दगडाला लावला. तो सरळ खाली पडला.

 नानांनी चुंबक उचलला, चार पावलं चालून कुंपणाच्या जांभ्याच्या गडग्याला घासला आणि सगळ्यांना दाखवला. चुंबकाला लाल भुकटी चिकटली होती. जांभ्यात लोह भरपूर असतं, त्यात नवल नाही.

"हा गडगा वरनं पडला म्हणायचा तर," नाना म्हणाले.

वसंतकाका आत निघून गेले. काकूंनी मला सरबत दिलं, पण साखर विचारली नाही.

मला मात्र दगड सोडवत नव्हता. त्याचं बाहेरचं आवरण चकचकीत काळं होतं, रंग लावून वाळवल्यासारखं, आणि नखाएवढंही जाड नव्हतं. पत्र्यावर आपटून एक कोपरा उडाला होता; त्याचा चुरा पेंढ्यात शोधूनही मिळाला नव्हता. तिथे आतला रंग फिकट राखाडी दिसत होता. दगड प्रचंड वेगाने हवेतून येतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग वितळतो आणि लगेच थिजतो. आतपर्यंत उष्णता पोचायला वेळच मिळत नाही. असं कवच विहिरीतल्या दगडाला येत नाही.

साहेबांना फोटो पाठवले. लगेच फोन आला.

"हा बेसाल्ट आहे. रस्त्यावरची खडी. परत या."

बेसाल्ट म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगड. अख्खा सह्याद्री त्याचाच आहे. मी कवचाचं सांगितलं. साहेब म्हणाले, वीटभट्टीत टाकलेल्या दगडालाही चकाकी येते. मी म्हटलं, थिन सेक्शन करून बघू. दगडाची चकती कागदाहूनही पातळ घासली की तिच्यातून प्रकाश आरपार जातो आणि मायक्रोस्कोपखाली एकेक खनिज ओळखता येतं. साहेब म्हणाले, सॅम्पल आणा, मग बोला.

सॅम्पल आणणं माझ्या हातात नव्हतं. मानकऱ्यांनी, म्हणजे गावच्या देवळात ज्यांच्या घराण्याला मान आहे त्यांनी, सांगितलं की गावदेवीला कौल लावल्याशिवाय दगडाला छिन्नी लागणार नाही. कौलाची पद्धत अशी: गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि देवीपुढे प्रश्न मांडतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गेले. शांताराम गुरवांनी विचारलं, आईला काय विचारायचं. मी म्हटलं, वैज्ञानिक तपासणीसाठी नमुना काढण्यास परवानगी आहे का.

"एवढं आमच्या आईला नको," गुरव म्हणाले. "सरळ काय ते सांगा."

"दगड फोडू का?"

डावी पाकळी इतक्या पटकन पडली की मागच्या रांगेतल्या काहींचे हात जोडायचे राहिले.

वसंतकाका खांबाला टेकून बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. तुकडा गेला नाही तर रिपोर्ट नाही, आणि रिपोर्ट नाही तर नानांचं म्हणणं कायम. मी गुरवांना विचारलं, पुन्हा लावता येईल का. तोच प्रश्न पुन्हा विचारता येत नाही, असं कळलं. मात्र प्रश्न बदलला तर हरकत नव्हती. आमच्याकडेही नामंजूर झालेली फाइल विषयाची ओळ बदलून परत पाठवतात, त्यामुळे हे मला लगेच समजलं.

यावेळी प्रश्न काकांनीच सांगितला. गुरवांनी तो खड्या आवाजात गाऱ्हाण्यात घातला.

"बाय माझे आई, तुझ्या शिवेत एक पाहुणा आलाय. त्याचं गाव-घर कुणाला ठाऊक नाही. ही मॅडम तपास करून सांगते म्हणते. त्यासाठी जरासा तुकडा न्यायला देत असशील तर उजवी दे."

"होय महाराजा," सगळे म्हणाले.

मग बराच वेळ काहीच घडलं नाही. माझ्या पर्समध्ये मोबाइल थरथरत होता. साहेबच असणार. देवळात पन्नास माणसं दोन पाकळ्यांकडे बघत होती आणि त्यांत मीही होते. शेवटी उजवी पडली. पाहुण्याचं गाव कळेपर्यंत स्थापनाही थांबवायची, असा मानकऱ्यांनी त्याचा अर्थ लावला. हा अर्थ मला फार आवडला.

पुण्याच्या लॅबमध्ये थिन सेक्शन झालं. दगडात मुख्यतः दोनच खनिजं निघाली, पायरॉक्सिन आणि प्लेजिओक्लेज फेल्डस्पार. सह्याद्रीच्या काळ्या दगडातही मुख्यतः हीच दोन असतात. "मी काय म्हणत होतो," साहेब म्हणाले.

पण पुढच्या तपासण्यांनी त्यांना गप्प केलं. पायरॉक्सिनमध्ये लोह आणि मँगनीज असतं. त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण पृथ्वीवरच्या दगडात वेगळं आणि इथे वेगळं होतं. ऑक्सिजनच्या तीन प्रकारांचं गणितही पृथ्वीशी जुळेना. नारळ, मिरची, कोकम सगळ्या घरांत तेच असतं, तरी माशाची आमटी चाखली की कुठल्या घरची ते कळतं. तसंच हे.

या प्रकाराला युक्राइट म्हणतात. दगडी उल्कांमध्ये तो दुर्मीळ, आणि त्यात लोखंडाचे कण जवळजवळ नसतातच, म्हणून चुंबक चिकटला नव्हता. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात वेस्टा नावाचा मोठा लघुग्रह आहे, बहुतेक युक्राइट तिथून आलेले मानले जातात. सूर्यमाला अगदी नवी असताना, सुमारे साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी, तिथे लाव्हा वाहिला आणि थिजला. नंतर कशाची तरी धडक बसून तुकडे उडाले. त्यांतला एक भटकत भटकत आंब्याच्या पेंढ्यात आला. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे याच्यापुढे कालचा.

मी रिपोर्ट शिस्तीत लिहिला. आधी घटक, मग रचना, मग तपासण्या, शेवटी मूळ. ग्रामपंचायतीला प्रत पाठवली. पहिलं वाक्य होतं: 'सदर नमुना बेसाल्ट प्रकारचा आहे.' पाच पानी रिपोर्टचं पहिलं पान कुणीतरी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. बाकीची चार टाकायची कुणाला गरज वाटली नाही.

वसंतकाकांचा फोन आला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बाय, तू शिकलेली आहेस. जे आहे तेच लिहिलं असशील. फक्त मला आधी सांगायला हवं होतंस."

मी त्यांना पाचवं पान वाचून दाखवू लागले, पण फोन ठेवला गेला होता. जीप काढली आणि गावात गेले. देवळाच्या मंडपात सगळ्यांना बसवून शेवटच्या पानापासून सुरुवात केली. दगड वरूनच आला. पत्रा त्यानेच फाडला. काका बोलले ते अक्षरन् अक्षर खरं. एवढं झाल्यावर मग खनिजं सांगितली.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे एवढ्या लांबनं आला नि काळा कातळच निघाला?"

मंडप हसला. मी काही बोलणार तोच वसंतकाका उठले. गेले कित्येक दिवस ते चारचौघांत बोलले नव्हते.

"नाना, तुझा पोरगा बोटीवरनं जग फिरून येतो. तो काय गोरा होऊन येतो?"

आता मंडप जास्त हसला. नानाही हसले, आणि काकांना म्हणाले, पत्रा बदलायचा झाला तर मला हाक मार, शिडी माझ्याकडे आहे. यापेक्षा मोठी माफी त्या गावात कुणी मागत नाही.

उल्का सरकारी संग्रहात जायला हवी, हे सांगणं उरलं होतं. ते सोपं गेलं. देवीची मूर्तीही काळ्या कातळाचीच, तेव्हा हा आईच्या माहेरचा माणूस, असं गुरवांनी ठरवलं, आणि माहेरच्या माणसाला कुणी सिमेंटात बसवत नाही. कौल उजवा आला. दगडाची रीतसर पाठवणी झाली. जीपमध्ये माझ्या शेजारी दगड, नारळ, तांदूळ आणि काकूंनी दिलेली आंबापोळी होती. साहेबांनी दगड उतरवून घेतला आणि विचारलं, याच्यावरचं हे लाल खनिज कुठलं. मी म्हटलं, कुंकू.

आता माझ्या रिपोर्टमध्ये मूळ पहिल्या ओळीत असतं आणि घटक नंतर. साहेब म्हणतात, ही पद्धत चुकीची आहे. त्यांना वसंतकाकांचा फोन आलेला नाही.