जोगणीच्या दगडापलीकडचा बोडका जावई

खिमदासी घाईची बाई नव्हे. नवरा गेला त्या सकाळीसुद्धा तिने आधी गाईची धार काढली आणि मग पदर डोळ्याला लावला. खिंड ओलांडायची तर बर्फ पुरतं उतरल्यावरच, हा तिचा नेम. देवाला नवस बोलायचा नाही, हा दुसरा. "देवाशी सौदा कसला करायचा? हात जोडावेत, गप्प बसावं," म्हणायची.

यंदा चैत्रात पहिला नेम मोडला. लेक फुलमा खिंडीपलीकडे सासरी होती, पहिलटकरीण, दिवस भरलेले. आणि माघातल्या बर्फाने तारा तुटल्यापासून तिकडचा फोन लागत नव्हता. तेव्हा भल्या पहाटे, बर्फ घट्ट असतानाच, ती धाकट्या दिराला, तुलेरामला, घेऊन निघाली. पाठीवर अक्रोड भरून वाफवलेले सिड्डू आणि तुपाचा डबा. पायात भांगेच्या दोराचे पूले, कारण खिंडीतल्या देवीला, जोगणीला, चामडं चालत नाही.

"वहिनी, डबा द्या इकडे."

"तुझ्याकडे? मग पोचेल तो नुसता डबाच."

माथ्यावर आले तोवर ऊन चढलं होतं. समोर बर्फाचा पसरट उतार, त्याच्या पलीकडच्या कडेला जोगणीचा दगड, आणि दगडाच्याही पलीकडे एक माणूस उभा. जावईच तो, बेलीराम. पण तो दगड ओलांडून येईना.

घरात सोयर असो की सुतक, तो दगड ओलांडायचा नसतो. आणि त्या उतारावर हाक मारायची नसते; जोगण चाळवते, वरचं बर्फ खाली येतं. म्हणजे विचारायचीही सोय नाही.

"वहिनी," तुलेराम हळूच म्हणाला, "त्याचं डोकं बोडकं आहे."

तिलाही दिसलं होतं. त्या मुलखात पुरुषाची टोपी उतरते ती दुःखातच.

दोघं उतार कापू लागली. बर्फ मऊ पडू लागलेलं, पाय गुडघ्यापर्यंत रुतायचा. खिमदासी तो उपसायची, पुढे टाकायची. निम्म्या वाटेवर तिच्या तोंडून आपसूक निघालं, "आई जोगणी, पोर जगू दे. हे तूप तुझं. सगळं तुझं."

दगडाशी ती थांबली. वर बघायचा धीर होईना.

"टोपी कुठे आहे?" तिने विचारलं.

बेलीरामने कोटाच्या आतून टोपी काढली. तिच्यात जवाचे हिरवेगार कोंब होते, आनंदाच्या बातमीबरोबर द्यायचे असतात ते. "वारा फार, अम्मा. करपतील म्हणून टोपीत गुंडाळून छातीशी धरले. मुलगी झाली. फुलमा छान आहे. काल दोनदा वाढून घेतलं तिने."

खिमदासी तिथेच बर्फात बसली. मग तिला राग आला. उभ्या जन्मात एवढा राग तिने कुजबुजत काढला नव्हता. "अहो जावईबापू, डोक्याला फडकं तरी गुंडाळायचं. मी त्या उतारावर कितीदा मेले, ठाऊक आहे?"

"टोपी एकच होती, अम्मा."

तिने डबा उघडला. थिजलेलं तूप बोटांनी कोरून कोरून दगडावर ठेवलं, पार तळ दिसेपर्यंत.

"अम्मा, बाळंतिणीला थोडं..." बेलीराम चाचरला.

"तिच्यासाठी मागाहून आणीन. हे बोलून चुकले."

तुलेरामने रिकामा डबा पाठीला बांधला. "बघा वहिनी, तुमचंच खरं झालं. नुसता डबाच चालला. आणि मी बोटसुद्धा लावलं नाही."

तिने तोंडाला पदर लावला. त्या उताराखाली हसायचीही चोरी.