डोळे सासूचे, पितांबर सुनेचं
ओल्या रंगाचा वास आला की मला जोहे गावातला गणपतीचा कारखाना आठवतो. मुलीला घेऊन मूर्ती ठरवायला गेलो होतो, दुसऱ्या दिवशी तिची नागरिकशास्त्राची चाचणी. मी त्याच विषयाचा मास्तर. केंद्राची संघसूची, राज्याची राज्यसूची, दोघांची समवर्ती सूची असं तिथेच इतकं समजावलं की पोर रडकुंडीला आली. मूर्तीचे डोळे आखता आखता मालकीणबाई हसल्या, “गो पोरी, डोळे मीच आखते. पितांबराचा रंग सून ठरवते, त्यात मी नाय बोलत. दागिन्यांना दोघी हात लावतो, पण वाजलं तर माझं खरं!” मुलगी ओरडली, “म्हणजे समवर्तीत भांडण झालं तर केंद्राचं चालतं!” इतकं नेमकं मला कधी जमलं नव्हतं. अजूनही वर्गात मी बाईंचंच उदाहरण सांगतो, आणि पोरांनी वाहवा केली की ती निमूट स्वतःकडे ठेवतो.